पाटील इतके का, पोतनीस इतके थोडे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आडनावांवरचा मजकूर हल्ली वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून सारखा फिरत असतो. त्याचे दोन ठरलेले साचे आहेत. एक, ‘महाराष्ट्रात सर्वाधिक आढळणारी दहा आडनावे’. दुसरा, ‘आडनावावरून आपले कूळ ओळखा’. पहिल्यात आकडे असतात, पण ते आले कुठून हे नसते. दुसऱ्यात राजघराणी असतात, पण कागद नसतो. दोन्ही वाचून लोकांचा एकच समज पक्का होतो, तो म्हणजे ज्या आडनावाची माणसे जास्त ते घराणे मोठे आणि जुने. हा समज उलटा आहे. आडनावाची संख्या मुख्यतः ते किती ठिकाणी स्वतंत्रपणे पडले यावर ठरते. एका मूळ पुरुषाचा वंश किती फोफावला यावर फार कमी.

पाटील हे त्याचे सर्वांत सोपे उदाहरण. आजच्या महाराष्ट्रात ४० हजारांहून अधिक गावे आहेत. वतनी व्यवस्थेत बहुतेक गावांना पाटील असे. म्हणजे एका घराचा वंश न वाढताही हजारो ठिकाणी हजारो वेगळी घरे या नावाला पात्र होती. त्यात पाटीलकीच्या तक्षिमा, म्हणजे वाटे, पडत. भावाभावांत वाटणी होई, कधी निम्मी पाटीलकी विकली जाई आणि एका गावात दोन वेगळ्या कुळांचे पाटील नांदत. पुढे इंग्रजी अमदानीत मुलकी पाटील आणि पोलीस पाटील असे काम विभागले गेले. वतनदार एक, पण त्याचे सगळे भाऊबंद ‘पाटील’ म्हणवून घेणार. म्हणून मराठा, कुणबी, आगरी, कोळी, लेवा, जैन, लिंगायत अशा कितीतरी समाजांत पाटील आहेत आणि एका गावच्या पाटलाचे शेजारच्या गावच्या पाटलाशी रक्ताचे नाते असेलच असे अजिबात नाही.

हुद्दा गेला तरी नाव राहिले. १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने गेली, तर मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. आजचा पोलीस पाटील १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमला जातो आणि त्याचे आडनाव काहीही असू शकते. परंतु तोवर शाळेचा दाखला, हक्कनोंद आणि मतदार यादी या तीन कागदांनी हुद्द्याचे आडनाव करून टाकले होते. जुने कागद चाळणारे नेमके इथे फसतात. मोडी कागदात ‘राणोजी बिन मालोजी पाटील मौजे अमुक’ असे असते. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. तिथला ‘पाटील’ हा त्या वेळी चालू असलेला हुद्दा आहे. त्याच माणसाचे कुळाचे नाव दुसऱ्या कागदात जगताप, काळे किंवा आणखी काही निघू शकते. ‘मोकदम’ हा शब्द दिसला तरी तोच पाटील समजावा. मोहिते-पाटील, विखे-पाटील अशा जोडनावांत दोन्ही थर शाबूत राहिलेले दिसतात. ज्यांनी पुढचे कुळाचे नाव गाळले ते पाटलांच्या महासागरात मिसळले, ज्यांनी मागचे ‘पाटील’ गाळले ते कुळाच्या नावात मोजले गेले. आकड्यांची पहिली गफलत इथेच होते, कारण मोजणारा जोडनाव कोणत्या खात्यात टाकतो हे कधीच सांगत नाही.

देशमुख आणि देशपांडे हे परगण्याचे अधिकारी. परगणा म्हणजे कित्येक गावांचा मिळून मुलूख, त्यामुळे मूळ जागा पाटलांच्या मानाने फारच कमी. कुलकर्णी गावाचा हिशेबनीस, पण एकाच घराकडे दोन-चार गावांचे कुलकर्णीपण असणे सर्रास होते. आता दप्तरातले हुद्दे पाहा. चिटणीस, पोतनीस, पारसनीस, जमेनीस, वाकनीस, कारखानीस. फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. त्याचे मराठीत ‘नीस’ झाले. हे हुद्दे गावोगाव नव्हते. एका दरबारात, एका सरदाराच्या फडावर मोजक्या जागा. म्हणून ही नावे आजही मोजकीच आहेत. गंमत अशी की ज्यांचे मूळ कागदोपत्री सहज सापडते ती हीच कमी संख्येची आडनावे. पाटलाचे मूळ शोधायचे तर आधी गाव ठाऊक हवे. पोतनीसाचे शोधायचे तर दरबार.

थोड्या घरांपासून निघालेली आडनावे नष्ट कशी होतात याचे गणित इंग्रज संशोधक फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७३ मध्ये प्रश्न म्हणून मांडले. गणिती हेन्री वॉटसन यांनी त्यावर काम केले आणि दोघांचा निबंध १८७४ मध्ये आला. त्याचा गाभा कागद-पेन्सिलीने करून पाहता येतो. समजा १०० पुरुष, प्रत्येकाचे आडनाव वेगळे. सरासरीने प्रत्येकाला एक मुलगा, पण प्रत्यक्षात कुणाला एकही नाही, कुणाला दोन, कुणाला तीन, अशी योगायोगाची विभागणी. पहिल्या पिढीनंतर सुमारे ३७ आडनावे संपतात. दुसरीनंतर एकूण ५३, तिसरीनंतर ६३ आणि दहाव्या पिढीअखेर सुमारे ८४. उरलेली १६ आडनावे सगळी जागा व्यापतात. कुणी काही पराक्रम केलेला नसतो, केवळ मुलगे झालेले असतात. आता तेच आडनाव सुरुवातीला ५० स्वतंत्र घरांत असेल, तर दहा पिढ्यांत ते पूर्ण नाहीसे होण्याची शक्यता दहा हजारांत दोन इतकीच उरते. लोकसंख्या वाढती असली की गळती कमी होते, हे खरे. मात्र आपल्याकडे १९२१ पर्यंत दुष्काळ आणि साथी लोकसंख्येला फारसे वाढू देत नव्हत्या. बहुतेक आडनावांच्या जुन्या पिढ्या त्याच काळात मोडतात. दत्तकाने आणि घरजावयाने काही नावे तगली, तो हिशेब वेगळा.

‘कर’ लागणाऱ्या आडनावांकडे वळू. यांच्याबद्दल ‘त्या गावचे ते’ एवढे सांगून विषय संपवतात. पण गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार? मिरजेत सगळेच मिरजेचे. मिरजकर हे नाव माणूस मिरज सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक देतात. म्हणून एखाद्या ‘कर’ आडनावाची दाटी जिथे दिसते तिथे मूळ गाव नसते. ती दाटी बहुधा मूळ गावाबाहेर, व्यापाराच्या किंवा नोकरीच्या वाटेवर असते. नकाशावर सर्वांत जास्त ठिपके जिथे, तिथे उगम, हा नियम इतर आडनावांना थोडाफार लागू पडतो. इथे तो दगा देतो.

दुसरी अडचण गावांच्या नावांची. नांदगाव नाशिक जिल्ह्यात आहे, रायगडात आहे, सिंधुदुर्गात आहे आणि अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर आहे. मग नांदगावकर कुठले? खेड रत्नागिरीतले आणि पुणे जिल्ह्यातलेही. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव यांची तर गणतीच नको. अशा आडनावांची संख्या मोठी दिसते ती चार-पाच वेगळ्या झऱ्यांचे पाणी एकत्र मोजल्यामुळे. ‘वाडेकर’, ‘पेठकर’ यांत तर गावाचे नाव असेलच असेही नाही. वाडा आणि पेठ कुठेही असते. आणि ‘गावकर’ हे मुळात गावाचे नाव लागलेले आडनाव नव्हेच. गोव्यात आणि दक्षिण कोकणात गावकर म्हणजे गावचा मूळ हक्कदार किंवा मानकरी. तोही गावोगाव.

शोधणाऱ्यांसाठी एक व्याकरणाची गोष्ट. गावाच्या नावाच्या शेवटी ‘आ’ असेल तर तो कधी गळतो, कधी ‘ए’ होतो. सातारा ते सातारकर, पण रोहा ते रोहेकर आणि गोवा ते गोवेकर. शेवटी ‘ए’ असलेली गावे मात्र जशीच्या तशी राहतात: पुणेकर, ठाणेकर, वेंगुर्लेकर. म्हणजे ‘–एकर’ असे आडनाव हातात आले तर नकाशावर ‘ए’कारान्त आणि ‘आ’कारान्त अशी दोन्ही गावे शोधावी लागतात. बहुतेक जण पहिलेच शोधतात आणि गाव नाही म्हणून थांबतात. शिवाय दप्तरात लिहिताना नाव आखडते. डॉ. बाबासाहेबांचे घराणे मूळ सकपाळ. आंबडवे गावावरून आंबडवेकर आणि शाळेच्या दप्तरात आंबेडकर. आज केवळ ‘आंबेडकर’ या रूपावरून कुणी गाव शोधू लागले तर त्याला आंबडवे सापडायला वेळ लागेल.

‘कर’ ही कोणा एका जातीची वा धर्माची खूण नाही, हेही सांगायला हवे. कोकण किनाऱ्यावरच्या बेने इस्रायली ज्यूंनी पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, झिराडकर अशी आडनावे घेतली. आजच्या रायगड जिल्ह्यातली ती गावे आणि त्या समाजाची जुनी वस्ती एकमेकांवर तंतोतंत बसतात. कोकणी मुसलमानांतही ‘कर’ आहेत. तेव्हा पेणकर दिसला की फक्त पेण कळते. पुढचे काही कळत नाही.

आता राजघराण्यांचा भाग, ज्यावर सगळ्यांत जास्त शाई सांडते. जाधव म्हणजे यादव, मोरे म्हणजे मौर्य, पवार म्हणजे परमार, कदम म्हणजे कदंब, शेलार म्हणजे शिलाहार, चव्हाण म्हणजे चाहमान. ध्वनींच्या दृष्टीने यातले बरेच अगदी रीतसर आहे. आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ होतो, यात्रेची जत्रा होते तसा. दोन स्वरांमधल्या ‘म’चा ‘व’ होतो, ग्रामाचे गाव आणि नामाचे नाव होते तसा. म्हणून परमारातून पवार. ‘म्ब’चा ‘म’ होतो. इथवर भाषा साथ देते. पण मोरे हे मयूरापासून आलेल्या साध्या ‘मोर’ शब्दावरूनही होऊ शकते आणि ध्वनिनियम दोन्ही वाटांना सारखीच परवानगी देतात. साळुंखे–चालुक्य ही जोडी तर आणखी सैल. तिथे ‘च’चा ‘स’ कसा झाला हे समजावून सांगताना लेखक घाई करतात, असे दिसते.

आणि मुख्य मुद्दा असा की नाव जुळले म्हणजे वंश जुळला असे होत नाही. राजाच्या पदरी असलेले सैनिक, त्याची रयत, त्याच्या मुलखातले सेवेकरी हेही ते नाव लावत. त्यामुळे जाधव, गायकवाड, पवार, शिंदे, मोरे ही नावे मराठा, कुणबी, धनगर, बौद्ध, मातंग, चर्मकार अशा अनेक समाजांत आहेत. बंजारा समाजात राठोड, पवार, चव्हाण, जाधव या मोठ्या शाखाच आहेत आणि त्यांची रचना वेगळी. साताऱ्याचे चव्हाण आणि यवतमाळच्या तांड्यावरचे चव्हाण एका रकान्यात मोजून ‘चव्हाण इतके लाख’ म्हणणे म्हणजे नुसती अक्षरे मोजणे. दोन घरे एका कुळाची आहेत का, हे पाहायला जुन्या सोयरिकी जुळवणाऱ्यांकडे आडनावापेक्षा नेमके साधन होते. ते म्हणजे देवक, लग्नकार्यात पुजले जाणारे कुळाचे चिन्ह. देवक एक तर लग्न नाही. आडनाव एक पण देवक वेगळे तर लग्नाला मोकळीक. ज्यांना आपल्या आडनावाचे खरे भाऊबंद कोण हे शोधायचे आहे त्यांनी आधी देवक आणि कुलदैवत लिहून घ्यावे, मग आडनाव. उलटही घडते. फलटणचे नाईक निंबाळकर मूळचे पवार, निंबळक गावावरून निंबाळकर झाले, असे त्या घराण्याची परंपरा सांगते. आडनाव वेगळे, कूळ एक.

बाकीचे प्रकार थोडक्यात. काळे, गोरे, टकले, दाते, लांडगे, कोल्हे, वाघमारे ही टोपणनावे. ती कुठेही, कुणालाही पडू शकतात, म्हणून विखुरलेली. जोशी, वैद्य, पुराणिक, सुतार, लोहार ही धंद्याची, तीही बहुमुखी. चित्पावनांत मात्र आडनाव आणि गोत्र यांची गाठ पक्की असते. १४ गोत्रे आणि ६० मूळ आडनावे अशी परंपरेने मोजणी आहे, त्यामुळे तिथले कुलवृत्तांत, म्हणजे घराण्यांच्या वंशावळींची पुस्तके, बऱ्याच अंशी एका मुळापाशी पोचू शकतात. पण जोशी या आडनावाचा कुलवृत्तांत करायला बसणाऱ्याने गोत्र आणि गाव बघितल्याशिवाय पहिले पानही लिहू नये. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, नांदेड या पट्ट्यातले ‘वार’ (मुनगंटीवार, वडेट्टीवार) हे तेलुगूतल्या आदरार्थी बहुवचनाचे रूप आहे. त्याचा वार, दिवस यांच्याशी संबंध नाही. मडावी, आत्राम, उईके ही गोंडांची कुळे, आणि ती किती देवांच्या गटात मोडतात यावर सोयरिक ठरते. मराठी आडनावांच्या यादीत त्यांचे ‘अर्थ’ संस्कृतातून लावणारे लेख येतात. ते सरळ कचऱ्यात टाकावेत.

आता मोजणीकडे. भारताची जनगणना आडनावनिहाय तक्ते प्रसिद्ध करत नाही. व्यक्तीची माहिती १९४८ च्या जनगणना कायद्याने गोपनीय असते. म्हणून जो कोणी ‘पहिले दहा’ सांगतो त्याने एक तर मतदार यादी वापरलेली असते किंवा एखाद्या संकेतस्थळाचा अंदाज उचललेला असतो. मतदार यादी हे साधन चांगले आहे, पण नीट वापरले तर.

यादीच्या एका भागात साधारण हजारभर मतदार असतात. एकाच मतदारसंघातले दहा भाग घेऊ नयेत. दहा वेगळ्या जिल्ह्यांतला एकेक घ्यावा. कारण गावात भावकी एकवटलेली असते. एका गावात निम्मे लोक एकाच आडनावाचे असणे नवल नाही आणि ते गाव नमुन्यात आले की सगळा निष्कर्ष त्याच्या बाजूला कलतो. दहा हजार नावे खरोखर विखुरलेली घेतली, तर एक टक्का असलेले आडनाव मोजणीत साधारण ०.८ ते १.२ टक्क्यांच्या दरम्यान येईल. म्हणजे ०.९ आणि १.१ टक्के असलेल्या दोन आडनावांत पाचवे कोण, सहावे कोण, हा वाद अशा नमुन्यावर करण्यात अर्थ नाही. शहरे आणि खेडी यांचे प्रमाण लोकसंख्येइतके ठेवावे. नुसती मुंबई-पुणे घेतली तर अवघ्या देशाची आडनावे येतात.

स्त्री आणि पुरुष वेगळे मोजावेत. एकूण संख्या हवी तर दोन्ही धरा, पण आडनावाचा भूगोल काढायचा असेल तर फक्त पुरुष घ्या. लग्नाने आलेली नावे बाईचे मूळ गाव सांगत नाहीत. नावाचा क्रमही बघा. काही यादींत आडनाव आधी, काहींत शेवटी. ‘तिसरा शब्द ते आडनाव’ असे संगणकाला सांगणारे आणखी एका कारणाने फसणार आहेत. राज्य शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नोंदीत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम आहे. शाळांच्या पटावरून मोजणी करणाऱ्यांनी आत्तापासून शेवटचा शब्द धरायची सवय लावावी, आणि जोडनावासाठी वेगळा रकाना ठेवावा.

सर्वांत जास्त वेळ खाते ते शुद्धलेखन. कुलकर्णी आणि कुळकर्णी, वानखेडे आणि वानखडे, राऊत आणि राउत, भोसले आणि भोंसले, पाटील आणि पाटिल. साळुंखे, साळुंके, साळोखे, सोळंके यांतले कुठले एकत्र करायचे हा निर्णय जिल्ह्यागणिक बदलतो. कोल्हापुरातला पोवार पवारांत घालता येतो. गोंदिया-भंडाऱ्यात पोवार हे एका समाजाचे नाव आहे आणि तिथल्या पटले, बिसेन, रहांगडाले, कटरे या आडनावांना कुणी पवारांत ओढले तर तो घोटाळाच. सावंत आणि सामंत एकत्र करायचा मोह होतो, करू नये. संगणकाची खोडी निराळी. ‘कुऱ्हाडे’ हा शब्द किमान तीन प्रकारे टाइप होतो: ‘ऱ’ला हलन्त देऊन, साध्या ‘र’ला हलन्त आणि मागे न दिसणारे जोडचिन्ह देऊन, किंवा ते चिन्ह गाळून रफार काढून, ‘कुर्हाडे’ असे. पहिले दोन पडद्यावर सारखेच दिसतात, तरी संगणक त्यांना दोन आडनावे समजतो. गोऱ्हे, कऱ्हाडे, बऱ्हाटे यांची संख्या त्यामुळे दोन-तीन तुकड्यांत विभागली जाते आणि ही आडनावे उगाच दुर्मीळ ठरतात. मोजण्यापूर्वी सगळी रूपे एका रूपात आणावीत, शब्दांमागच्या मोकळ्या जागा काढाव्यात, आणि एकदाच आलेल्या आडनावांची यादी डोळ्यांखालून घालावी. त्यातली बरीचशी आडनावे नसून टंकदोष असतात.

रोमन लिपीतल्या याद्या तर शक्यतो वापरूच नयेत. काळे, काले आणि कळे तिथे एकच होतात. डांगे आणि दांगे, गाडे आणि गडे, माने आणि मने यांचेही तेच. उलट जाधव हे एकच आडनाव पश्चिम महाराष्ट्रात एका स्पेलिंगने आणि विदर्भात दुसऱ्या स्पेलिंगने लिहितात, मग ते दोन होते. परदेशी संकेतस्थळांवरचे क्रमांक बहुतेक रोमन याद्यांवरून काढलेले असतात. ते छापण्याआधी एवढे तरी लक्षात घ्यावे.

इतर देशांनी हे काम कसे केले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या जनगणना विभागाने २०१० च्या मोजणीनंतर १०० किंवा अधिक वेळा आलेली सर्व आडनावे प्रसिद्ध केली. ती १ लाख ६२ हजारांहून अधिक भरली. कुणाचीही वैयक्तिक माहिती उघड झाली नाही, कारण शंभराखालचे काही छापलेच नाही. पहिले आडनाव स्मिथ, म्हणजे लोहार, २४ लाखांहून थोडे अधिक. तरीही एकूण लोकसंख्येत एक टक्क्याहून कमी. धंद्याचे नाव, गावोगाव स्वतंत्रपणे पडलेले, आपल्या पाटलासारखेच. दक्षिण कोरियात २०१५ च्या जनगणनेत किम एकटेच सुमारे साडेएकवीस टक्के. पण तिथे आडनावाबरोबर ‘बोन-ग्वान’ म्हणजे कुळाचे मूळ गावही नोंदतात. गिम्हेचे किम वेगळे, ग्योंगजूचे किम वेगळे. आपल्या देवकाचे काम तिथे सरकारी रकाना करतो. आणि फिलिपिन्समध्ये १८४९ साली गव्हर्नर क्लाव्हेरिया यांनी आडनावांची छापील सूचीच गावोगाव पाठवली. पाने वाटून दिल्यामुळे काही गावांत बहुतेक आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात. तिथे आडनावाच्या अर्थावरून कुणी पूर्वज शोधू लागला तर त्याला कारकुनाने पाठवलेले पान सापडेल.

ज्यांना मोजणीत रस नाही, फक्त आपल्या घराचे मूळ हवे आहे, त्यांनी आजपासून मागे जावे. राजापासून पुढे येऊ नये. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आधी काढावा, त्यावर जन्मगाव असते. त्या गावाच्या तालुक्याला तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, पाहावी. मग गाव नमुना ६, फेरफार. वारसाची नोंद तिथे नात्यासकट येते आणि एका फेरफारातून आधीचा फेरफार मिळतो. जुन्या नोंदी मोडीत असतात, तेव्हा जाणकार बरोबर हवा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्द तोडलेले नसतात, त्यामुळे ‘पाटील’ आणि पुढचे गावाचे नाव एकत्र वाचले जाण्याचा धोका असतो. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या चांगल्या, पण तिथे आडनाव सांगून पान मिळेलच असे नाही. गाव सांगावे लागते. प्रत्येक पायरीवर नाव जसे लिहिले आहे तसेच उतरवावे, आजच्या रूपात दुरुस्त करू नये. ज्या पिढीत आडनाव अचानक बदललेले दिसेल तिथे थांबून वतन, दत्तक, स्थलांतर आणि राजपत्रातला नावबदल ही चार कारणे एकेक करून तपासावीत.

आपल्याकडे विनंती एवढीच. यापुढे आडनावांचा क्रम छापताना तीन ओळी सोबत द्याव्यात: यादी कोणती आणि किती नावांची, लिपी कोणती, आणि जोडनावे व लेखनभेद कसे मोजले. शक्य झाल्यास राज्य शासनाकडे आणि निवडणूक कार्यालयाकडे शंभराहून अधिक वेळा येणाऱ्या आडनावांचा जिल्हावार तक्ता देवनागरीत मागावा. याद्या त्यांच्याकडे आधीच संगणकावर आहेत. काम काही आठवड्यांचे आहे.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक